वाशीची परात

आमच्या मोटारीच्या बुडातून तेल गळत होतं, म्हणून माझं लग्न मोडायला आलं होतं.

दिवस निजामाच्या राज्यातले, त्यात लढाईचे. तेरला आमचं कापडाचं दुकान होतं आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका जहागीरदाराकडून घेतलेली जुनी मोटार. तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा होता. त्यात दातेरी चाकं तेलात फिरत. या गोळ्याचं झाकण गंजून त्याची चाळण झाली होती. साखरपुड्याला वाशीला गेलो, तेव्हा मोटारीनं होणाऱ्या सासऱ्यांचं नुकतंच सारवलेलं अंगण काळंकुट्ट करून ठेवलं! सासरे महालिंगप्पा आधी तेलाकडं आणि मग माझ्याकडं बघत म्हणाले, "तिथी काढायला या. पण अंगणात एक ठिपका जरी पडला, तर पोरगी द्यायची का न्हाय, इचार करावा लागंल."

आणि मी तर त्या पोरीवर असा भाळलो होतो, की तिच्यासाठी आगगाडीसुद्धा दुरुस्त केली असती!

नवं झाकण हैदराबादेतही मिळेना. मग मीच कारागीर झालो. (सोलापुरात एका मोटार दुरुस्तीच्या दुकानासमोर मी पुष्कळदा चहा प्यालो होतो. आणखी काय अनुभव पाहिजे?) स्वयंपाकघरात एक लहानशी, जाड पितळी परात दिसली. गोळ्याला लावून पाहिली, तर अगदी मापात! काठाला भोकं पाडली, बोल्ट आवळले. फटीत भरायला मात्र काही नव्हतं. पण शेजारच्या मोहल्ल्यात लग्नाच्या बिर्याणीच्या देगीचं तोंड कणकेनं बंद करताना मी पाहिलं होतं. वाफ सुटत नाही, तिथं तेल काय सुटणार? घट्ट कणीक तिंबली आणि काठाला थापली. एक थेंब नाही! अप्पांनी माझी पाठ थोपटली. (जन्मात पहिल्यांदा.)

निघताना आई घरभर काहीतरी धुंडाळत होती. "अरं, वाशीची परात कुठं गेली? साखरपुड्याला त्येंनी फराळ भरून दिलता. रिकामी कशी द्यायची, म्हणून म्या लाडू वळलेत!"

"दुसऱ्या भांड्यात घे की," मी म्हणालो. आमच्या घरात परातींना काय तोटा?

येडशी ओलांडली आणि खमंग वास सुटला.

"कुणाच्यात तरी पोळ्या चालल्यात," अप्पा म्हणाले.

येरमाळा आला तरी पोळ्या चालूच! गोळा तापला होता आणि कणीक खरपूस भाजत होती. मग एक कुत्रं मागं लागलं. मग दुसरं. वाशीच्या वेशीत आम्ही शिरलो ते कुत्र्यांची वरात घेऊनच!

मोटार अंगणात थांबली. सडा, रांगोळी, सगळं लख्ख. महालिंगप्पांनी वाकून खाली पाहिलं. थेंब नव्हता! "वा जावईबापू! लई हुशार हाव तुमी!" दारामागं बांगड्या किणकिणल्या. माझी छाती फुगली.

एवढ्यात एक कुत्रं मोटारीखाली शिरलं आणि त्यानं कणकेचा लचका तोडला. बोल्ट खड्ड्याखड्ड्यांतून कधीच गळून पडले होते. परात नुसत्या कणकेवर तगून होती.

ठण्ण!

परात पडली ती नेमकी सुलटी, आणि गोळ्यातलं सगळं तेल तिच्यात काठोकाठ! अंगणावर एक ठिपका नाही. मी देवाचे आभार मानतोय, तोवर महालिंगप्पांनी काठावरची काजळी बोटानं पुसली. खाली त्यांचंच नाव कोरलेलं! (भांड्यांवर नाव वाचण्यासाठी घालतात, हे मला तेव्हा कळलं.)

"आरं... ही तर आमची परात!"

 आई पदर सावरत पुढं झाली आणि म्हणाली, "व्हय जी. रिकामी कशी द्यावी, म्हणलं!"

दारामागून जे हसू फुटलं, ते ऐकून महालिंगप्पांनाही हसू आवरेना. तिथी त्याच दिवशी निघाली. रुखवतात तीच परात आली, भोकांसकट.

आजही घरात काही बिघडलं आणि मी बाह्या सरसावल्या, की बायको आधी भांडी उचलून आत ठेवते आणि मगच विचारते, "काय मोडलंय?"