शेजारच्या जागेवरचा रुमाल

दर गुरुवारी फलटण स्टँडवर ते करड्या मिशांचे गृहस्थ एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरायचे. साताऱ्याला दारू सोडलेल्यांची बैठक असते, तिकडे निघालेले. दुसरी जागा ज्याच्यासोबत आयुष्यभर प्यायले त्या दोस्तासाठी. गाडी हलेपर्यंत मान वळवून फाटकाकडे बघायचे. मग रुमालाची घडी घालत मला म्हणायचे, "बसा ताई. आज बी न्हाई आला."

एकदा न राहवून विचारलं, "मग दर वेळी कशाला धरता?"

"माझ्यासाठी बी एक जण अशीच जागा धरायचा. मीच लय उशिरा आलो."

गेल्या गुरुवारी त्यांच्या पुढच्या बाकावर मीही रुमाल टाकला. आदल्या दिवशी नवरा शुद्धीवर असताना त्याला गाडीची वेळ सांगितली होती.

गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघंही फाटकाकडे बघत बसलो.