पेवातला फौजदार

हरिपूरच्या वाटेवर, कृष्णाकाठच्या चिवट मातीत हळदीची जी पेवं होती, त्यांच्या तोंडाशी उभं राहून "उतरा" म्हणायचा मान नाथाजीचा होता. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणच. तोंड एका माणसापुरतं, पोट मात्र दोन खोल्यांएवढं. हळद आत भरायची आणि तोंड पाचट घालून मातीनं लिंपून टाकायचं. मग वर्ष जावो, दोन वर्षं जावोत, हळदीला कीड लागत नाही, कारण आत किड्याला जगायला वारंच उरत नाही. आणि किड्याला उरत नाही तसं माणसालाही उरत नाही.

म्हणून पेव उघडलं तरी कुणी लगेच उतरायचं नाही. नाथाजी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला की वर घ्यायचा, पुन्हा थांबायचा. कधी अर्धा दिवस, कधी सबंध. कंदील तळाला जाऊन पिवळाधमक जळत राहिला, की नाथाजी तोंडावर ओणवा होऊन एकदा हुंगायचा आणि म्हणायचा, "उतरा." मग गडी उतरायचे. त्याच्या तोंडून तो शब्द निघाल्यावर खाली गेलेला माणूस वर आला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

वाट बघायचा हा वेळ नाथाजी नकलांनी भरून काढी. अडत दुकानाचे दिवाणजी विष्णुपंत नाकात बोलत. नाथाजी नाकपुडी चिमटीत धरून म्हणे, "अरे नाथाजी, लॉरी उभी आहे, लॉरी! ती काय तुझ्या सासऱ्याची आहे होय?" मुकादम लालासाहेब दर वाक्याच्या शेपटाला "समजलं का न्हाई?" बांधी. नाथाजी त्याच्यासमोरच मांडी खाजवत म्हणे, "पानी आना, समजलं का न्हाई? न्हाई समजलं तर दोन घागरी आना, समजलं का न्हाई?" लालासाहेब शिव्या घालता घालता हसे. भरतीवाल्या हवालदाराची नक्कल मात्र नाथाजी दात खाऊन करी: "ए जवान, इदर आव! सरकारी बूट, सरकारी रोटी, तेरे बाप का क्या जाता है?"

लढाईची सालं होती. कुंडलपासून खंडाळ्यापर्यंत घरटी एखादं पोरगं पलटणीत चाललेलं. नाथाजीचा एकुलता कृष्णात भरतीच्या उंचीत बसला होता, छातीही भरत होती. नाथाजीनं त्याला हाताला धरून पेवावर आणला. "बापाचंच जातंय, गड्या," तो म्हणाला. "गोळी खायाला समुद्रापल्याड कशाला? हितं हळद वड, सावलीला ऱ्हा."

फाल्गुनात कुंपणाच्या बाभळी तोडताना कृष्णातला सरडगुहिरा, म्हणजे रंग पालटणारा सरडा, सापडला. अंगानं हिरवा, चिमट्यासारखे पाय, आणि चाल अशी की पाऊल टाकावं की टाकू नये, याचा एकेका पावलाला पंचायतीत निकाल लागावा. डोळे दोन दिशांना फिरणारे. हमाल मागं सरले.

"टाक त्येला, किस्नात! गुहिऱ्याची फुकर लागली तर आंग सुजून मरशील!" त्यांच्यातला ज्ञानू ओरडला.

नाथाजीनं मात्र त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "आरं, ह्यो तर आपला फौजदार! एक डोळा चोराव, आन् एक चोराच्या पिशवीव!"

झालं. गुहिऱ्याचा फौजदार झाला आणि वेताच्या पिंजऱ्यातून नाथाजीच्या खोपीत राहायला आला.

दिवसा फौजदाराचं बरं चाले. दाराशी बाभळीची फांदी रोवली होती, तिच्यावर बसून तो जीभ फेकून माशा उचली. अडचण रात्रीची. खोपीला वरून पत्रा होता. चैत्र लागला, तसा पत्रा दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर ओकू लागला. माणसं अंगणात येऊन पडत. पिंजऱ्यातला जीव काळा पडे, तोंड वासे, डोळे आत जात.

"आवं, फौजदाराला धाप लागलीया," नाथाजीची बायको बनुबाई म्हणाली. "लाच पचली न्हाई जनू."

नाथाजीनं पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकलं. ते मध्यरात्रीच्या आत वाळून कडकडीत झालं. माठाच्या बुडाशी ठेवला, तर ओलीला मुंग्या आल्या. झाडाला टांगला, तर मांजर टपून बसलं आणि कृष्णातला काठी घेऊन जागावं लागलं. शेवटी नाथाजीला खोपीमागच्या जुन्या पेवाची आठवण झाली. ते रिकामं होतं. त्याचं तोंड कैक दिवसांत लिंपलं नव्हतं. वारं आतबाहेर खेळत होतं आणि वैशाखातही आत हात घातला तर गारवा लागे. सांज झाली की तो पिंजरा दोरीनं त्यात सोडू लागला.

पहिल्या सकाळी वर काढला तर फौजदार राखेसारखा पांढरा, डोळे मिटलेले, अंग कुंभाराच्या ओल्या मातीसारखं गार.

"मेलं!" बनुबाई म्हणाली.

उन्हाला धरला तेव्हा हळूहळू हिरवेपण फिरलं, मग एक डोळा उघडला. नाथाजीला त्याची मौज वाटे. गारव्यात त्याची कूस हलते की नाही, हे बघायला डोळा अगदी जवळ न्यावा लागे. माणसाचा एका दिवसाचा श्वास त्याला महिनाभर पुरत असावा.

मग एका दुपारी ते झालं. नवं पेव उघडलेलं, कंदील पुन्हा पुन्हा विझत होता, हमाल कंटाळले होते. नाथाजी उठला, मिशीला पीळ भरला, एक डोळा ज्ञानूवर आणि एक आभाळाकडं लावायचा खटाटोप केला आणि फौजदारी आवाज काढला: "कंदील-बिंदील काय नाय! आमी सोता पेवात मुक्काम केला हाय! आमी जित्ते, म्हंजी पेव पास! उतरा, लेकाच्यांनो!"

गडी पोट धरून लोळले. लालासाहेबाच्या डोळ्यांना पाणी आलं. चाललेली नक्कल कोण सोडतो? नाथाजीनं ती पुन्हा केली, मग रोज केली. कृष्णात तर बापाच्या वरताण निघाला. तो बापाचा आवाज काढी, आणि त्या आवाजात फौजदाराचा. नवा हमाल आला की त्याला सांगत, "हितं कंदील न्हाई बाबा, हितं फौजदार उतरतोय." सांगणारा हसत सांगे. ऐकणारा काय समजून घेई, ते कुणी विचारलं नाही. फौजदाराचं पेव उघडं आणि हळदीची पेवं लिंपलेली, हा फरक नाथाजीला इतका ढळढळीत वाटत होता, की तो सांगावा लागतो हेच त्याच्या मनात आलं नाही.

वैशाखात एक दिवस नाथाजीनं उजाडताना पेव उघडलं. कंदील हातभर खाली जाताच विझला. "दुपारपत्तोर कुणी वाकायचं बी न्हाई," असं सांगून तो नवा दोर आणायला सांगलीला गेला. जुना दोर कुजत आला होता आणि माणसं त्यावर लोंबकळायची होती.

परत येताना खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. लांबूनच त्याला पेवावर लॉरी आणि गर्दी दिसली. कुणी ओरडत नव्हतं. तो पळत सुटला.

ज्ञानू तोंडाशी गुडघ्यावर बसला होता. त्यानं एका दमात सांगितलं. "मामा, दिवानजी लॉरी घिऊन आलं. मुकादम म्हनला, नाथाजी न्हाई, उतरा कोन म्हननार? तवा किस्नातनं फौजदाराला आनला. उन्हाला लावला नव्हता, पांढराच हुता. खाली सोडला, एक चिलीम हुईस्तवर ठिवला. वर काढला तर डोळा फिरवत हुता, मामा. जित्ता हुता! किस्नात म्हनला, पास. आन् मग..." ज्ञानूनं पेवाकडं बघितलं. "मग 'उतरा' म्हनला. तुमच्याच आवाजात. आन् सोताच उतरला."

नाथाजीनं खाली बघितलं. अंधाराच्या तळाला हळदीवर काहीतरी पांढरं दिसत होतं. कृष्णातचा पटका.

त्यानं कंदील सोडला. विझला. नवा दोर कमरेला बांधला, चौघांच्या हाती दिला आणि उतरला. जिथं कंदील विझला होता तिथंच कानात घुंगुरमाश्या शिरल्या, हाताची पकड सुटली. वर ओढून घेतल्यावर तो ओकला. तोंड धुतलं आणि पुन्हा उतरला. या खेपेला त्याला काढला तेव्हा नखं निळी पडली होती आणि आपलं नाव काय, हे त्याला सांगता येईना.

तो सावध झाला तेव्हा ज्ञानू कमरेला दोर बांधत होता. नाथाजीनं उठून त्याच्या थोबाडीत मारली.

"एक गेलाय तेवढा पुरं."

"मामा, तो आजून धुगधुगत आसंल!"

"कंदील जळत न्हाई, गड्या."

बनुबाई नदीवरून आली. तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही. धुण्याची बादली तिच्या हातातच होती. तिनं खाली बघितलं आणि नाथाजीची बंडी धरली. "आवं, हितं काय करताय? उतरा की! पोटचं पोर खाली हाय आन् तुमी तोंडाव बसून मानसं आडवताय?"

"कंदील जळत न्हाई गं, बने."

"आग लावा तुमच्या कंदिलाला!"

ती स्वतःच काठावरून वाकली तेव्हा त्याला तिला कवेत धरून मागं ओढावं लागलं. आयाबायांनी तिला बाभळीखाली नेलं. तिथून तिचा आवाज येत राहिला. त्यात शब्द नव्हते.

नाथाजीनं ओली पोती मागवली. दोन दोन गडी ती पेवाच्या तोंडावर धरून पंख्यासारखी हलवू लागले. बायकांनी सुपं आणली. खालचं वारं ढवळावं म्हणून पाण्याच्या घागरी ओतल्या. दर थोड्या वेळानं नाथाजी कंदील सोडी आणि सगळे श्वास धरत. कंदील मघापेक्षा वीतभर जास्त खाली जाई आणि विझे. आपल्या मुलाकडं जाणारी वाट अशी वीत वीत मोजत तो बसला. उन्हं पेवाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली.

विष्णुपंत जवळ आले. "नाथाजी, डॉक्टरांना आणायला माणूस पाठवलाय," ते म्हणाले. त्यांचं नाकात बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं.

लालासाहेब लॉरीच्या चाकाला टेकून पुटपुटत होता, "जित्ता हुता की रं सरडा. आमी समद्यांनी बघितला. समद्यांनी बघितला."

नाथाजीला आता सगळं समजत होतं. गार पडलेल्या त्या जिवाला वारं लागतंच किती? त्यानं रोज सकाळी डोळ्यानं बघितलं होतं. बघितलं होतं आणि हसला होता.

शेवटी कंदील तळाला टेकला, आणि कृष्णातच्या खांद्याशी जळत राहिला. सगळ्यांनी नाथाजीकडं बघितलं. त्याचं तोंड उघडलं, पण तो शब्द काही निघाला नाही. मग तो स्वतःच उतरला आणि मुलाला दोराला बांधून वर पाठवला.

डॉक्टर यायच्या आधीच सगळं कळलं होतं. कृष्णातच्या अंगभर हळद होती. बनुबाईनं ती कुणाला पुसू दिली नाही.

घाटावरून परत आल्यावर कुणीतरी दगड उचलून खोपीकडं निघालं. "गुहिऱ्यानं पोरगं खाल्लं," तो म्हणत होता.

"ठिव त्यो धोंडा," नाथाजी म्हणाला. "त्येनं काय केलं? जगलं, येवढंच."

दगड खाली पडला, पण त्यानंतर पिंजऱ्याकडं कुणी बघितलं नाही. खोपीत माणसं येत होती, रडत होती, जात होती. सांज झाली तरी पिंजरा पेवात सोडायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. पोतं कुणी भिजवलं नाही. पत्रा रात्रभर तापून राहिला. तिसऱ्या दिवशी झाडताना बनुबाईला पिंजऱ्याकडं चाललेली मुंग्यांची रांग दिसली. फौजदार काळाठिक्कर, तोंड वासून पडला होता. तिनं पिंजऱ्यासकट तो उकिरड्यावर टाकला आणि झाडणं पुरं केलं.

सुतक फिटलं तसा लालासाहेब दारात आला. बराच वेळ पागोट्याशी चाळा करत बसला. "नाथाजी, पावसाच्या आदी पेवं उपसाय पायजेत. दुसऱ्या कुनाला ह्यातलं कळत न्हाई." पुढचं 'समजलं का न्हाई'चं शेपूट त्यानं गिळलं.

नाथाजी गेला. उजाडताना पेव उघडलं. त्या दिवशी नक्कल झाली नाही, पुढंही कधी झाली नाही. उन्हं उतरल्यावर कंदील तळाशी स्वच्छ जळू लागला. नाथाजीनं तो वर घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. गडी उभे राहिले.

"म्हन की, गड्या," लालासाहेब हळू म्हणाला.

नाथाजीनं दोर घेऊन आपल्याच कमरेला बांधायला सुरुवात केली. तेवढ्यात दोराचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. बनुबाई कधी येऊन मागं उभी राहिली होती, ते कुणाला कळलं नव्हतं. घाटावरून आल्यापासून ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही बोलली नाही. तिनं दोराचा एक वेढा हाताला आणि एक कमरेला घेतला आणि टाचा मातीत रोवल्या.

"वैनी, चार गडी हाईत की धराया," लालासाहेब म्हणाला.

"धरा," बनुबाई म्हणाली. "पर माझ्या मागं."

नाथाजी खाली गेला. जरा वेळानं आतून त्याचा खोकला ऐकू आला. तो ऐकल्यावर एकेक गडी उतरू लागला. बनुबाईनं दोर सोडला नाही. नवऱ्याचं डोकं पेवाच्या तोंडातून वर दिसेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि दिसल्यावर टोक खाली टाकून त्याच्याकडं न बघता घराकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पेव उघडायच्या आधी ती येऊन बसली होती.