वरच्या मजल्यावरचा दुसरा अंक

गप्प बसण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या फिनिश अंकलचा हात धरणारा माणूस पृथ्वीवर नसावा, आणि असलाच तर तो तसं सांगायला येणार नाही. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टमध्ये शिरताना "कसे आहात?" विचारावं, तर "बरा आहे" हे उत्तर तळमजल्यावर दार उघडताना मिळायचं. पेशानं हे गृहस्थ ऑपेराचे संगीतकार. म्हणजे अख्खी गोष्ट गाऊन सांगायची, आपल्या संगीत नाटकाची लांबची मावसबहीणच. मायदेशी त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. इथल्या चिनी बाईशी लग्न करून ते सिंगापूरला आले, पोरांना पियानो शिकवत राहिले, आणि ती गेल्यावर एकच ऑपेरा पुन्हा पुन्हा लिहीत बसले. थंडीतली गोष्ट घामात सुचत नाही म्हणून हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, बर्फ आणायचा आणि बादलीत पाय घालून बसायचं. बादली लवंडली की आमच्या छताला ओल यायची. माझी बायको तावातावानं वर जायची आणि त्यांना थालीपीठ देऊन खाली यायची.

गोष्ट एवढीच, की गोठलेल्या तळ्याकाठी एक कोळी पलीकडे गेलेल्या बायकोची वाट बघतो. पहिला अंक संपतो. मग लांबलचक शांतता. दुसऱ्या अंकात बर्फ वितळतो आणि ती होडीतून परत येते. "एकदा तरी हा सगळा कुणीतरी ऐकावा," असं अंकल म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं, आणि लगेच आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांची वर्णी लावून टाकली.

पियानोवर बसून सगळी पात्रं ते स्वतःच गायले. अक्षरही कळत नसताना सभागृह चिडीचूप. पहिला अंक संपला, त्यांची ती शांतता सुरू झाली. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "बाबा, ओव्हर ऑलरेडी, इझ इट?" मी "श्श" म्हणेपर्यंत टाळ्यांचा कडकडाट, आणि कार्यवाह शाल-श्रीफळ घेऊन रंगमंचावर हजर! आपल्याकडे कलाकार थांबला रे थांबला की सत्कार, त्यात मसालेभात तयार. अंकलनी खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं, हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. लोक उठले ते पानावरच बसले.

परतताना लिफ्टमध्ये मला फार वाईट वाटत होतं. म्हटलं, "अंकल, ती आलीच नाही हो." आमच्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा उत्तर आलं, "येईल. शांतता अजून संपली नाही."

गेल्या महिन्यात ते कायमचे फिनलंडला, बहिणीकडे गेले. ती शाल पांघरूनच टॅक्सीत बसले. आता छत कोरडं ठणठणीत असतं आणि मला त्यांची आठवण येते. काल खाली जाताना मुलगी म्हणाली, "अंकल नॉट कमिंग बॅक, लाह."

मी लगेच उत्तर दिलं नाही. तळमजला यायचा होता.