गोडं पाणी

धर्मराज तायडे अमेरिकेतल्या सांता क्लाराच्या कंपनीत एका आखाती देशासाठी प्लांट डिझाइन करायचा. गॅसवर वीज काढायची आणि उरलेल्या वाफेवर समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायचं. चौऱ्याऐंशी साली एका मीटिंगमध्ये तो ‘फ्रेश वॉटर’ऐवजी बोलून गेला, “स्वीट वॉटर.”

“साखर किती घालणार?” एका सहकाऱ्याने विचारलं. सगळे खो खो हसले. तोही हसला, पण आतून चडफडला.

अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात त्याच्या गावाला गोड्या पाण्याची एकच विहीर होती. तिला शिवायची त्याच्या दलित वस्तीला बंदी. आई, रत्नाबाई, घागर ठेवून ताटकळायची. दया आली तर कुणी लांबून घागरीत पाणी ओतायचं.

संध्याकाळी अपार्टमेंटमध्ये येऊन त्याने नळ सोडला. इथे अडवणारं कुणी नव्हतं. दमून आलास, पाणी देऊ का, असं विचारणारंही कुणी नव्हतं.