पाच आकडी साद

रोह्याला लागून असलेल्या वरश्यात, एका मेडिकलच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे मी नक्की काय करते हे सासूबाईंना अजून उमगलेलं नाही. 'फोनवरून मेसेज पाठवते,' एवढंच त्या शेजारणींना सांगतात, आणि शेजारणी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.

बँकेकडून किंवा गॅसवाल्याकडून पाच आकडी नंबरावरून मेसेज येतो ना, ते आमचं काम. लोकांना वाटतं कुणीतरी बटण दाबलं की झालं. बटण शेवटी येतं. नंबर मुंबईच्या एका कंपनीच्या ताब्यात असतो, तो आम्ही भाड्याने घेतो. मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मंजूर झाला की त्यात काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही. मग प्रत्येक फोन कंपनीने तो नंबर आपापल्या नेटवर्कवर वेगळा सुरू करायचा. बाजारात या कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतात, पण या नंबरासाठी सगळ्यांना एका रांगेत उभं करावं लागतं. एक जरी अडून बसली, तरी तिच्या गिऱ्हाइकांपुरता नंबर मुका. ही मोट बांधणं माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं. सांगायला कशाला लाजू?

माझं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. तिथे भातशेती आणि खारं पाणी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. मोठ्या उधाणाला त्याला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे काही पिकत नाही. म्हणून जोळ. हाक आली की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर. पूर्वी एक गडी आळीआळीतून साद घालत धावायचा. आता अर्धा गाव कंपनीत शिफ्टला नाहीतर पेणच्या बाजारात, साद पोहोचणार कुणाला? बांधाची देखरेख माझ्या काकांकडे. मी त्यांना म्हटलं, साद मी पोहोचवते; तुम्ही आमच्या पाच आकडी नंबरावर एक मेसेज टाकायचा, तो तिथून घरोघरी जाईल.

सगळं जुळवलं. रोह्यात आणि आसपासच्या अष्टमी, खांब या गावांत ओळखीच्यांच्या फोनवर मेसेज टणाटण पोहोचले. गावात मात्र एकालाही नाही. खाडीकाठावर एकाच कंपनीच्या टॉवरची रेंज पोहोचते, म्हणून सगळ्यांकडे तिचीच सिमं, आणि नेमक्या तिनेच आमचा नंबर सुरू केला नव्हता! तिचे एक अधिकारी शांतपणे म्हणाले की अर्ज रांगेत आहे. अमावस्येचं उधाण तोंडावर, बांध एका जागी खचलेला, भात पोटरीला आलेलं. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, उधाण पंचांग बघून येतं," मी म्हटलं. "तुमची रांग त्याला कळत नाही."

मग त्यांनी विचारलं, बांधावरून कुणी चाचणी करून देईल का? अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे एका कॉलवर होतो. मुंबईहून नंबरवाली कंपनी, फोन कंपनीचे ते अधिकारी, वरश्यात मी आणि बांधावर काका. आमचा नंबर आधीच सुरू केलेल्या दुसऱ्या फोन कंपनीच्या माणसालाही मी कॉलवर घेतलं होतं; त्याने आपली जुळणी कशी केली ते न मागता समजावून दिलं. या धंद्यात असं कुणी सहज करत नाही. अधिकाऱ्यांनी नंबर सुरू केला, काकांनी बांधावरून मेसेज टाकला आणि त्याबरोबर घरोघरी साद गेली. 'ही चाचणी आहे' असं लिहायची सोय नव्हती. मंजूर मजकूर एकच, 'खांड गेली, जोळीला या.' म्हणून काकांनी आदल्या दिवशीच घरोघर सांगून ठेवलं होतं की उद्याचा मेसेज नुसता बघायचा.

तरी अख्खा गाव आला. फोनवर मला माणसांचा गलका आणि घमेल्यांचा खणखणाट ऐकू येऊ लागला. सांगितलं असताना का आले, मी काकांना विचारलं.

"गो, साद आली की यायचं. खरी की खोटी, ते बांधावर बघायचं," काका म्हणाले. "आता आलेच हायत, तर खचलेलं भरून घेतो."

भरती लागायच्या आत त्यांनी ती जागा भरून काढली. दुसऱ्या दिवशीचं उधाण बांधाला थडकून परत गेलं, भात वाचलं. पण मला आठवतं ते काम संपल्यावरचं. कॉल चालूच होता. जोळीनंतर एकेका घराचं नाव घेऊन हजेरी होते. वडील गेल्यापासून आमच्या घरातून जायला कुणी नाही, मी एकुलती एक आणि रोह्याला दिलेली. तेव्हापासून हजेरी घेणारे म्हातारबाबा आमच्या घराशी आले की आवाज खाली आणून पुढे सरकतात. आईला ते फार लागतं. त्या दिवशीही आवाज खाली गेला.

"थांबा," काकांचा आवाज आला. "त्या घरचं माणूस हाय. आज साद तिनंच घातली."

म्हातारबाबांनी आमच्या घराचं नाव पुन्हा घेतलं, या वेळी सगळ्यांसारखं, मोठ्याने. हजेरी संपली तशी फोन कंपनीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, मेसेज सगळ्या घरांत पोहोचला ना?"

"सगळ्या," मी म्हणाले. "आमच्यासुद्धा."