पहिल्या भेटीत वाचलेला कागद

माझी मुलगी चौथ्या प्रयत्नात परराष्ट्र सेवेत निवडली गेली, तेव्हा गंगाखेडात आमच्या सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. लोक म्हणाले, आता स्थळांची रांग लागेल. दोन वर्षांत सात स्थळं आली आणि सातही परत गेली. नवऱ्यानं बायकोच्या बदलीमागं देशोदेशी जायचं, हे कुणालाच पटेना.

आठवं स्थळ तिनं स्वतः सुचवलं. दिल्लीत अभ्यास करताना ओळख झालेला मुलगा, आता आमच्या शेजारच्याच पालमला दवाखाना चालवणारा डॉक्टर. ती पंधरा दिवसांच्या रजेवर आली होती. त्यातल्या एका रविवारी त्याच्या घरचे पहिल्यांदा आमच्याकडं आले.

माझी नोकरी जमीन मोजणीची. सोयरिकीत काही लपवलं, असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून मी आदल्या दिवशी एका कागदावर सगळं मांडलं होतं. नोकरीची तीस वर्षं धरली तर वीसेक परदेशात. साधारण तीन वर्षांनी बदली. नवऱ्याला तिथं काम मिळेलच असं नाही. चहा झाल्यावर मी तो कागद वाचून दाखवला.

मुलाचा मामा मोठ्यानं हसला. "म्हंजे पाव्हणं, आमच्या डाक्टरनं तिकडं सैपाक करायचा अन् बाईसाहेबांनी झेंड्याच्या गाडीत फिरायचं!"

सगळे हसले. मुलाची आई तेवढी हसली नाही. "ईस वर्षं?" तिनं मुलाकडं पाहिलं. "आमाला एकच लेकरू हाय. आमी म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मुलगा मान खाली घालून बसला. माझी मुलगी उठून त्याच्या आईजवळ बसली, हळू आवाजात काहीबाही समजावत राहिली. आत पुरणपोळ्या तयार होत्या, पण पाहुणे चहावरच उठले. मुलाचे वडील म्हणाले, "इचार करून कळवतो." ते कळवणार नाहीत, हे सगळ्यांनाच कळलं.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्याला हे सगळं माहीत होतं. तो दवाखाना सोडायला तयार होता. आईला तो स्वतः सांगणार होता, पुढच्या बैठकीआधी. तिची समजूत घालायला त्यानं थोडा वेळ मागितला होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच सांगून टाकलं असतं."

ती ओरडली नाही. रजेचे सहा दिवस बाकी होते, ते तिनं आईला स्वयंपाकात मदत करण्यात घालवले आणि गेली. त्याचे फोन काही दिवस येत होते म्हणे. पुढं थांबले.

महिन्यापूर्वी ताडकळसच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, त्या डॉक्टरचं लग्न झालं. मुलीचा दर रविवारी फोन येतो. पावसाचं विचारते, माझ्या गुडघ्याचं विचारते. चार रविवार झाले, मी तिला सांगितलेलं नाही.

"सांगा की," बायको म्हणाली. "तवा तर लय सांगायचं होतं तुमाला."

मुलीला कळलं असेल का, हे तिच्या आवाजावरून मला ओळखता येत नाही. काल तिनं फोन ठेवण्याआधी विचारलं, "आणखी काही विशेष?" मी म्हणालो, "काही नाही."