हाडं बघणारा आतेभाऊ

माझ्या आतेभावाला जगात माणसं दिसतच नाहीत, फक्त हाडं दिसतात. डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष, हाडांचा विषय एकदा राहिलेला, म्हणून तो पिंपळवंडीला आमच्या घरी अभ्यासाला आला आणि आम्हा सगळ्यांनाच त्यानं अभ्यासक्रमात घेतलं. लेण्याद्रीला नेला तर गणपतीकडे पाठ करून पायऱ्यांवर बसला. उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना न विचारता सांगे, "आजोबा, तुमचा डावा खुबा झिजलाय." निरगुडसरला माझ्यासाठी मुलगी बघायला नेला (मुली बघण्याविरुद्ध मीच पत्रक काढलंय, पण आईपुढे पत्रकं चालत नाहीत), तर पोहे खाता खाता मुलीच्या वडिलांना म्हणाला, "काका, जरा एका पायावर उभे राहता?" ते बिचारे राहिले. त्यांची कंबर एका बाजूला कलली तसा हा खुशीत म्हणाला, "बघ, पुस्तकात आहे तस्संच." काका भडकले. "पोरगी बघाया आलाय का आमचं पाय, पावणं?" सोयरीक तिथंच संपली.

मग आई गोठ्यात घसरली आणि हात मोडला. मी मंचरच्या बाजारात हाडवैद्यांविरुद्ध पत्रकं वाटत होतो, आणि माझ्याच घरात वडिलांनी हाडवैद्य आणला. अजून संताप होतो. त्यानं अंड्याचा बलक लावून, बांबूच्या कांबी ठेवून हात करकचून बांधला आणि बजावलं, "रविवारपातुर कुणी सोडायची न्हाई. दुखलं म्हंजी हाड जुळतंय." आई कळवळत होती आणि घर समाधानात होतं, की चला, जुळतंय.

कॉलेजात कामाला गेलेला आतेभाऊ संध्याकाळी परतला. हाडाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. आईची सुजलेली, पांढरीफटक बोटं हातात घेतली, एक हलकेच सरळ केलं. आई किंचाळली.

"मामी, मुंग्या येतात?"

"मघा येत व्हत्या. आता कायबी कळंना रं."

त्यानं कात्री घेतली. वडिलांनी त्याचं मनगट धरलं. "आरं, हाड हललं तर?"

"हाडाचं नंतर बघू, मामा. आत रक्त पोचत नाहीये. हात मरतोय."

वडिलांनी मनगट सोडलं, त्यानं पट्टी कापली. मी इतकी पत्रकं लिहिली, पण त्यात हे वाक्य कुठंच नव्हतं. जीपमध्ये तो वाटभर आईचा हात सांभाळत म्हणत होता, "मामी, माझं बोट दाब. दाब ना." दवाखान्यात डॉक्टरांनी ताबडतोब हाताला लांब चीर देऊन आतला दाब मोकळा केला. हात वाचला.

पुढं तोंडी परीक्षेत त्याला नेमकं हेच विचारलं: पट्टी आवळून बसली तर लक्षणं कोणती, क्रमानं सांग. त्याला ती झोपेतही पाठ. पण म्हणाला, "सर, माझ्या मामीची बोटं गार लागली होती," आणि पुढं त्याला बोलताच येईना. पुन्हा नापास. मी विद्यापीठाविरुद्ध पत्रक लिहायला बसलो, तर त्यानं कागद काढून घेतला.

आई ओट्यावर त्याच हातानं लसूण सोलत होती. म्हणाली, "परीक्षेला मला न्यायचं व्हतं की रं. मूठ वळून दाखिवली असती त्यास्नी."